काटा दोनशेवर होता

१

राखीव टाकी रिकामी निघाली, आणि सगळ्या घराच्याच तोंडचं पाणी पळालं.

मावशीनं ती टाकी शेडमधल्या लाकडी बाकावर आडवी घातली होती. चष्मा कपाळावर चढवून ती नुसती बघत बसली होती. टाकीच्या डोक्यावर दोन तोंडं. एकाला श्वास घ्यायचा रेग्युलेटर जोडलेला, त्याच्या नळीला लटकणारा दाबाचा काटा शून्यावर. दुसरं तोंड मोकळं, त्यावर काळं टोपण. प्रत्येक तोंडाला आपापली चावी. रेग्युलेटरच्या चावीवर चिकटपट्टीचा एक फाटका तुकडा अजून लोंबत होता, फिकट गुलाबी.

तीस वर्षं मावशीनं पाणबुड्यांना हवा मोजायला शिकवलं होतं. "टाकीतला एक हिस्सा खाली जायला, दुसरा वर यायला. तिसरा तुझा नाहीच, तो जोडीदाराचा," हे ती इतक्यांदा बोलली होती की लोक तिची नक्कलही तेवढ्याच वाक्यानं करायचे. पण तेवढ्यावर तिचं समाधान नव्हतं. बोटीखालच्या दोरीला, सहा मीटरवर, एक भरलेली राखीव टाकी टांगलीच पाहिजे हा तिचा हट्ट. खोल काम केलेल्या माणसानं वर येताना तिथं नऊ मिनिटं थांबायचं असतं. न थांबता वर आला, तर रक्तात मुरलेल्या हवेचे बुडबुडे होतात आणि चालताबोलता माणूस लुळा पडतो.

काल सकाळी नेमकं तेच झालं होतं. तिच्या मयत बहिणीचे दोन मुलगे धरणाच्या तळाशी, शहराला पाणी देणाऱ्या जाळीतला गाळ काढत होते. अडकलेल्या जुन्या जाळ्यात थोरल्याचे पाय गुंतले, त्या झटापटीत त्याची हवा संपत आली. तो राखीव टाकीपर्यंत पोचला, ती तोंडाला लावली, आणि टाकीत काही नव्हतं. तो तसाच वर सुटला. आता तो इस्पितळाच्या दाबखोलीत होता, जिथं हवेचा दाब वाढवून ते बुडबुडे पुन्हा विरघळवतात, आणि कंबरेखाली त्याला काही जाणवत नव्हतं.

"दहाच्या दहा टाक्या मी माझ्या हातानं भरल्यात, मावशी," सून म्हणाली. थोरल्याची बायको ती, टाक्या भरायचं काम तिचंच. कालपासून पाण्याच्या घोटावर होती. "राखीवच्या काट्यावर दोनशे होतं, म्हणजे पूर्ण भरलेली. भाऊजींनी स्वतः पाटीवर लिहिलंय. बोटीवरच्या टापटीपरावांनी पाण्यात सोडताना पाहिलंय. मग तासाभरात बावीसशे लिटर हवा गेली कुठं? खाली दोघंच होते. एक तिकडं पडलाय. दुसरा धडधाकट फिरतोय!"

"धाकट्यानं का करावं असं?"

"का म्हणजे? आदल्या संध्याकाळी अंगणात भांडले नव्हते का दोघं? भाऊजींना वेगळं व्हायचंय. आणि काम चालू असताना मधेच एकटे वर आले होते ते, दोरीपाशी. मी सांगितलंय त्यांना, माझ्या दारात पाऊल टाकू नका म्हणून." तिचा आवाज चिरकला. "चार वाजता ह्यांना बाहेर काढणार आहेत. शुद्धीवर आहेत ते. पहिली गोष्ट मी तीच सांगणार आहे. तुमच्या भावानं तुमची हवा संपवली."

ती तरातरा निघून गेली. मावशीनं घड्याळ बघितलं. एक वाजत आला होता. तीन तास! आई गेल्यावर या दोन पोरांना तिनं एका ताटात जेवायला घालून मोठं केलं होतं. चार वाजता ते वाक्य थोरल्याच्या कानात पडलं की संपलं, पुढं ते परत काढून घेता येणार नव्हतं.

२

धाकटा शेडमागच्या पायरीवर बसून दोर गुंडाळत होता. दोर आधीच गुंडाळलेला होता. तो सोडायचा आणि पुन्हा गुंडाळायचा.

"मधेच वर का आलास?" मावशीनं बसता बसता विचारलं.

"करवत आणायला. दोरीला बांधून ठेवली होती. दहाव्या मिनिटाला आलो, तीन मिनिटांत परत खाली."

"राखीवला हात लावलास?"

"नाही."

"सकाळी तपासली होतीस?"

"पाटीवर लिहिलंय की."

"काय लिहिलंयस ते मला वाचता येतं. तपासलीस का, ते विचारतेय."

धाकट्यानं मान वळवली. "काटा बघितला. दोनशेवर होता."

"चावी उघडून दोन श्वास?"

"चावीवर लाल पट्टी होती, मावशी. तुझीच पट्टी. भरलीय, हात लावू नका. ती तोडली की परत लावायला पट्टी कुठं होती बोटीवर?"

मावशीनं ओठ आवळले. पट्टी तिचीच होती, खरं होतं. लोक येता-जाता राखीव टाकीशी चाळे करतात म्हणून तिनंच ती टूम काढली होती.

"भाऊ वर गेला तेव्हा?"

"मी त्याच्या तीन मीटर खाली होतो. त्यानं पट्टी ओरबाडली, चावी फिरवली, तोंडात धरलं. मग माझ्याकडं बघितलं." धाकट्याचे हात थांबले. "माझ्या टाकीत पन्नास होतं. दोघांना पुरलं असतं. खाली वळला असता तर! मी हात पुढं केला होता, मावशी. तो सुटलाच."

"आणि तू तिथं नऊ मिनिटं थांबलास."

"तूच शिकवलंस. मागं धावायचं नाही, वर माणूस आहे, ऑक्सिजन आहे. दोन पेशंट झाले तर एकाकडंही धड बघणं होत नाही. ती नऊ मिनिटं कशी काढली ते मला विचारू नकोस."

विचारायची गरज नव्हती. पोराच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं.

"परवा भांडण कशावरून झालं?"

"वेगळी टोळी करतो म्हणालो. दादा भडकला, मीही भडकलो. कॉलर धरली त्यानं. वहिनी धावत आली मधे पडायला, शेडमधून—"

त्यानं जीभ चावली.

"शेडमधून?"

"कुठून आली मी नाही बघितलं." फार घाईनं बोलला तो. मग एकदम मावशीचा हात धरला. "मावशी, तू कशाला खोलात शिरतेस? माझं नाव घे. मीच सांडली हवा असं म्हण आणि मोकळी हो. मी दुसरीकडं कुठंतरी जाईन."

मावशीनं त्याच्याकडं रोखून बघितलं. खोटं बोलताना लहानपणापासून याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. आत्ता त्या लालबुंद झाल्या होत्या.

हा कुणाला तरी वाचवत होता.

३

बोटवाल्याला कुणी बोटवाला म्हणत नसे. त्याची बोट घासूनपुसून लख्ख, दोऱ्यांची वेटोळी एका मापाची, डबे रांगेत. म्हणून त्याचं नाव पडलं टापटीपराव. मावशी चढली तर आधी त्यानं तिला चपला काढायला लावल्या.

"काल तुम्ही कुठं होतात?"

"कुठं म्हणजे? इथंच. दोरीशेजारी, या फळीवर. खाली माणसं असताना मी चहासुद्धा घेत नाही."

"पाण्यावर बुडबुडे?"

"दोघांचे होते ना, नेहमीचे. चुळुक चुळुक."

"एकदम उसळी? पाणी उकळल्यासारखं?"

"छे हो. आरशासारखं पाणी होतं. वाराही नव्हता. थोरला वर फेकला गेला तेव्हाच काय ती खळबळ."

मावशीनं डोळे मिटून आकडेमोड केली. हा तिचा खास प्रांत. बावीसशे लिटर हवा. सहा मीटरवर कामानं दमलेला माणूस मिनिटाला तीस लिटर ओढतो. म्हणजे ती टाकी एकट्यानं संपवायला सत्तर मिनिटं लागतात, आणि धाकटा दोरीपाशी होता तीन मिनिटं. बरं, ओढली नाही, नुसती सोडून दिली म्हणावं, तर एवढी हवा तीन मिनिटांत वर येताना या फळीखालचं पाणी खदखदलं असतं. आणि हा गृहस्थ चहासुद्धा न घेता फळीवर बसला होता.

कुणीही ती हवा ओढली नव्हती. पाण्याखाली सांडलीही नव्हती. तरीही दोन माणसांनी दोनशे वाचलं होतं.

तिची नजर दोरीच्या टोकाकडं गेली. तिथं शिशाचा एक ठोकळा बांधलेला होता, नव्या सुतळीनं, चारही गाठी सारख्या.

"हे कशाला?"

"अहो, काल राखीव टाकी सरळ लटकेना. तिरकी होऊन वर वर यायची. मला असलं वेडंवाकडं बघवत नाही. बांधलं शिसं, बसली गप्प."

"पाण्याला ओढ होती?"

"ओढ कुठली? माणसं खाली जायची म्हणून धरणाचे सगळे दरवाजे बंद. डबक्यासारखं पाणी होतं."

मावशीनं तो ठोकळा हातात तोलून पाहिला. ॲल्युमिनियमची टाकी ती. भरलेली असली तर बुडते. बावीसशे लिटर हवेचं वजनच अडीच-पावणेतीन किलो! तेवढं गेलं की तीच टाकी तरंगायला बघते.

टाकी पाण्यात उतरली तेव्हाच रिकामी होती, काटा दोनशेवर असताना.

"आणखी एक आठवा," ती हळूच म्हणाली. तिला उत्तर नकोसं झालं होतं. "टाकीच्या दुसऱ्या तोंडाचं टोपण. ते तुम्ही लावलंत?"

"मग कोण लावणार? परवा संध्याकाळी गाडीत टाक्या चढवताना बघतो तर टोपण लोंबतंय आणि ती चावी उघडी. मी गच्च बंद केली, टोपण बसवलं." टापटीपराव अभिमानानं हसला. "बरं केलं ना?"

मावशीनं बोटांवर दिवस मोजले. परवा सोमवार होता, महिन्यातला पहिला सोमवार, राखीव टाकीतली शिळी हवा सोडून नवी भरायचा.

४

सून शेडमध्ये नवऱ्याचे कपडे पिशवीत भरत होती. अडीच वाजले होते.

"पाच मिनिटांत निघतेय मी, मावशी."

"निघशील. त्याआधी एक काम कर. ही राखीव टाकी भर. नेहमी भरतेस तशीच."

"आत्ता?"

"आत्ता. माझ्यासाठी."

सुनेनं वैतागून पिशवी ठेवली, पण हात कामाला लागले. रेग्युलेटर तिनं काढला नाही. तो कायम जोडलेलाच राहायचा, म्हणून तर मावशीनं दोन तोंडांची टाकी आणवली होती. मोकळ्या तोंडाला कॉम्प्रेसरची नळी लावली आणि खटका दाबला. पंचवीस मिनिटं यंत्र धडधडत राहिलं. टाकी भरली. सुनेनं नळी काढली, रेग्युलेटरची चावी क्षणभर उघडली, काटा टुणकन दोनशेवर गेला, चावी पुन्हा बंद. मग लाल पट्टीचं बंडल घेऊन त्या चावीभोवती वेढा घातला.

"झालं?"

मावशीनं त्या पट्टीशेजारी कालचा फाटका तुकडा धरला. एक कुंकवासारखी लाल. दुसरी धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखी.

"परवा लावलेली पट्टी दोन दिवसांत इतकी विटते?"

"पाण्यात गेली असेल ना."

"बाकीच्या टाक्याही पाण्यात गेल्या. त्या बघ." कोपऱ्यात थोरल्या-धाकट्याच्या टाक्या उभ्या होत्या, त्यांच्या चाव्यांवरचे पट्टीचे फाटके तुकडे लालभडक. "ही महिन्यापूर्वीची आहे, सूनबाई. बरं, आता शिळी हवा सोड. पहिल्या सोमवारी सोडतेस तशी."

सुनेचा चेहरा जरा बदलला. तिनं मोकळ्या तोंडाची चावी फिरवली. सुंऽऽ असा आवाज शेडभर घुमला. बाकावरची धूळ उडाली, टाकीच्या गळ्याशी दव धरलं.

"काट्याकडं बघ," मावशी म्हणाली.

काटा दोनशेवर होता.

आवाज बारीक होत गेला. काटा दोनशेवर. आवाज पार थांबला, सुनेनं तोंडापाशी तळहात धरला, तिथं फुंकरसुद्धा लागेना. काटा आपला दोनशेवर, पट्टी जशीच्या तशी.

"तो टाकीचा दाब दाखवत नाहीये," मावशी म्हणाली. "रेग्युलेटरची चावी बंद आहे. भरताना तू तिच्यातून जी हवा आत घेतलीस, तेवढी वीतभर नळीत कोंडून बसलीय. काटा त्या नळीचा. चावी उघडली की एक श्वास येतो, अर्धा येतो, आणि संपलं. दर महिन्याला तू हवा सोडल्या सोडल्या लगेच भरतेस, म्हणून हे तुला कधी दिसलंच नाही. मलाही दिसलं नाही. एवढं आयुष्य गेलं यात, मलाही नाही."

सून काट्याकडं बघत राहिली होती. तिचे ओठ हलत होते.

"परवा मी ही चावी उघडली होती," ती म्हणाली. "हळू सोडत होते. वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात अंगणात आरडाओरडा. मी तशीच धावले."

"हो."

"यांना आत नेलं. पाणी दिलं. मग आले तर सगळं शांत. काटा दोनशेवर, वर लाल पट्टी. मला वाटलं ही झाली. दहावी झाली." ती मटकन खाली बसली. "ही मी भरलीच नाही, मावशी."

मावशीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"भाऊजींना माहीत आहे?"

"भांडताना त्यानं शेडमधला सुं आवाज ऐकला असणार. टाकी वर काढल्यावर त्याला उमगलं. तेव्हापासून म्हणतोय, माझं नाव घे."

सुनेनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

५

दाबखोलीबाहेरच्या लांब बाकाच्या अगदी टोकाला धाकटा बसला होता. वहिनी येताना दिसली तसा तो उठून जिन्याकडं सरकला. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. तिला बघवलं नसावं.

चारला पाच कमी असताना थोरल्याला बाहेर आणून पलंगावर निजवलं. डॉक्टरांनी तळपायाला सुई टोचली. डावा अंगठा हलला, अगदी एवढासा. उजवा नाही. "दिवस लागतील," ते म्हणाले, "पण हे चांगलं आहे. आणखी तीन-चार फेऱ्या करू." आणि ते गेले.

मावशी पलंगाच्या पायाशी उभी होती. येताना वाटेत तिनं सुनेला एकच सांगितलं होतं, "बोलायचं की नाही हे तू ठरव. मी तोंड उघडणार नाही." आता तिला वाटत होतं की आपण हे सांगायला नको होतं. सुनेला गप्प राहायची वाट तिनंच मोकळी करून दिली होती. धाकटा दाराच्या चौकटीपलीकडं भिंतीला पाठ लावून उभा होता. आतला शब्द न् शब्द त्याला ऐकू जात असणार.

थोरल्यानं पाणी मागितलं. दोन घोट घेतले. मग छताकडं बघत विचारलं, "राखीव टाकीत काही नव्हतं. का?"

सुनेनं पेला खाली ठेवला.

"काटा दोनशेवर होता. मी पण बघितला होता उतरताना. काय झालं? कुणी केलं?"

दारात सावली हलली. धाकटा आत पाऊल टाकत होता, त्याचे कान लालेलाल झाले होते. "दादा, ते मी—"

"मी," सून म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, जणू पुन्हा हिंमत होणार नाही. "मी हवा सोडली आणि भरलीच नाही. तुमचं भांडण ऐकून धावले, आणि मग विसरले. भाऊजींचा काही संबंध नाही. मी त्यांना नाही नाही ते बोलले."

"आणि पट्टी माझी," मावशी म्हणाली. "दोन तोंडं माझी. शिळी हवा सोडायचा नियमही माझाच. टाकी इतकी जपली मी, की तिला उघडून बघायची सोयच ठेवली नाही."

थोरल्याचा हात चादरीवर उघडा पडला होता. सून त्या हाताकडं बघत होती, पण धरायचं धाडस तिला होत नव्हतं. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली, तिचं एक चाक कुरकुरत होतं.

"खाली त्यानं हात पुढं केला होता," थोरला शेवटी म्हणाला. "मला दिसलं होतं. पन्नास होतं त्याच्याकडं. मी वळलो नाही. आदल्या दिवशी कॉलर धरली होती ना मी त्याची. मला वाटलं, याच्याकडं कशाला मागायचं." त्यानं मान दाराकडं वळवली. दारातली सावली केव्हाच मागं सरली होती. "कुठाय तो?"

मावशीला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे तिसरा हिस्सा तुझाच होता, मेल्या! पण तिनं नुसतं दाराकडं बोट केलं.

सुनेनं पदरानं डोळे पुसले आणि ती दारापाशी गेली. धाकटा जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून गेला होता.

"भाऊजी," तिनं हाक मारली, "आत या. हे बोलावतायत."